कोरडा दाना फुटत नाही

आजीचं लाह्या फोडायचं खापर अजून माझ्याकडे आहे. फुटक्या रांजणाचा तो खालचा गोल भाग. आतून काळा, बाहेरून त्याहून काळा, आणि इतक्या वर्षांनी हात फिरवला तरी बोटांना काजळी लागते. ब्रह्मपुरी तालुक्यातलं आमचं गाव वैनगंगेपासून दोन कोसांवर. दिवाळी जवळ आली की आजोबा बंडीतून घमेलंभर रेती आणायचे. आजी ती दोन चाळण्यांतून काढायची. मोठ्या भोकांच्या चाळणीत खडे राहायचे, बारीक चाळणीतून माती निघून जायची, आणि मधली एकसारखी रेती तेवढी खापरात पडायची. लक्ष्मीपूजनाला साळीच्या लाह्या आणि बत्तासे लागतात. बत्तासे ती दुकानातून आणू द्यायची. लाह्या नाही.

चुलीत तुराट्या. आमच्याकडे धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर तूर लावतात, तिच्या त्या वाळक्या काड्या. भडकन पेटतात आणि जाळ सारखा लागतो. रेती तापली का ते आजी चार दाणे टाकून बघायची. ते फुटले की मग ओंजळभर धान, टरफलासकट. हातात बारीक काड्यांचा कुंचा, गोल गोल फिरणारा. आधी काहीच नाही. मग एक फट्. मग दोन. मग खापरभर पांढरं उसळायचं, टरफलं उडायची, आणि वीसपर्यंत आकडे मोजून होईतो सगळं आटोपलेलं असायचं. लगेच सगळं चाळणीवर. रेती खाली खापरात, लाह्या वर. मग सूप, मग पाखडणं.

मी तिसरीत असताना एका दिवाळीला लाह्या फुटेनात. ओंजळभर धानात पाच-सहा फुटल्या, बाकी दाणे तपकिरी होऊन करपले. मायनं जाळ वाढवला, तर दाणे आणखी लवकर करपले. आजीनं कुंचा बाजूला ठेवला, एक कच्चा दाणा दाढेखाली धरला आणि चावला. कट्कन आवाज आला. ते धान उन्हाळाभर पत्र्याच्या छपराखाली राहिलेलं जुनं धान होतं. आजीनं सुपातल्या धानावर हातानं पाणी शिंपडलं, वरखाली केलं, ओल्या फडक्यात बांधून ठेवलं आणि चूल विझवली. दुसऱ्या दिवशी तेच धान, तीच रेती, त्याच तुराट्या, आणि सूप भरून पांढऱ्याशुभ्र लाह्या.

"कोरडा दाना फुटत नाही, पोरी," ती म्हणाली. "कोरडा दाना जरते."

पुढे मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवलं, तीस वर्षांहून जास्त. पॉपकॉर्नबद्दल जे काही वाचलं, करून पाहिलं, मुलांकडून करून घेतलं, त्याचं मूळ आजीच्या या एका वाक्यात आहे. घरी पॉपकॉर्न बिघडला की लोक गॅसला दोष देतात, भांड्याला देतात, तेलाला देतात. दाणा चावून कोणी पाहत नाही.

दाण्याच्या आत काय होतं ते आधी सांगते, कारण ते कळलं की पाककृती पाठ करावी लागत नाही. पॉपकॉर्नचा मका हा मक्याचा एक वेगळाच प्रकार आहे. दाणा लहान, कडक, आणि त्याची साल जाड व एकसंध. आत घट्ट दाबून भरलेलं पिष्ट, आणि त्या पिष्टात मुरलेलं थोडं पाणी. हे पाणी दाण्याच्या वजनाच्या साधारण १४ टक्के असावं लागतं. शंभर ग्रॅम दाण्यांत १४ ग्रॅम. हाताला दाणा कोरडा ठणठणीत लागतो, तरी आत एवढं पाणी असतं. दाणा तापत जातो तशी त्या पाण्याची वाफ व्हायला बघते, पण साल तिला बाहेर जाऊ देत नाही. कोंडलेल्या वाफेत आतलं पिष्ट शिजून मऊ खळीसारखं होतं. तापमान १८० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की आतला दाब बाहेरच्या हवेच्या सुमारे नऊपट झालेला असतो. तिथं साल हार मानते. दाब एकदम सुटतो, खळीत मुरलेली वाफ फुगते, पिष्टाचे हजारो बारीक बुडबुडे होतात आणि बाहेरच्या हवेत क्षणात थंड होऊन तसेच घट्ट होतात. आपण खातो तो पांढरा फुलोरा म्हणजे थिजलेला फेस. मूळ दाण्याच्या तीस-चाळीसपट फुगलेला.

साल म्हणजे प्रेशर कुकरचं झाकण, असं मी वर्गात सांगायची. झाकणाला भोक पडलं तर शिट्टी होत नाही, आणि आत पाणीच नसेल तर गॅस कितीही मोठा करा, वाफ कुठून येणार?

धानाच्या लाहीतही हेच घडतं. तिथं दाब धरून ठेवण्याचं काम टरफल करतं. टरफलाची दोन्ही पाळी एकमेकांत घट्ट अडकलेली असतात. म्हणून लाह्यांना धान टरफलासकटच लागतं. तांदळाची लाही होत नाही. मुरमुरा हा वेगळा पदार्थ आहे, पुष्कळ लोक गल्लत करतात. त्यासाठी धान आधी उकडतात, वाळवतात, कांडून तांदूळ काढतात, त्याला मिठाचं पाणी लावतात आणि मग तापल्या रेतीत फुलवतात. मुरमुरा फुगतो. लाही फुटते.

फ्रान्समधले दोन संशोधक, व्हिरो आणि पोनोमारेन्को, यांनी २०१५ साली वेगवान कॅमेऱ्यानं दाणा फुटताना टिपला. त्यांच्या भट्टीत १८० अंशांना जवळजवळ सगळे दाणे फुटले. पण मला आवडली ती त्यांची दुसरी गोष्ट. साल फाटली की पिष्टाचा एक तुकडा आधी पायासारखा बाहेर येतो, तो तव्याला टेकतो, आणि त्या पायावर जोर देऊन दाणा उडी मारतो. फट् हा आवाज उडीचा नाही, साल फाटण्याचाही नाही, तो आतून सुटलेल्या वाफेचा आहे. हे मी मुलांना सांगितलं तेव्हा अख्खा वर्ग बाकांवरून उड्या मारत होता.

मी नोकरीला लागले ती धानोरा तालुक्यात, १९८६ साली. गडचिरोली जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. २६ ऑगस्ट १९८२ ला तो चंद्रपुरातून वेगळा निघाला. मक्याची लाही मी पहिल्यांदा खाल्ली ती नोकरीच्या त्या पहिल्या हिवाळ्यात, आणि तीही नाटकाला. आमच्या झाडीपट्टीत धान घरात आलं की नाटकांचा हंगाम सुरू होतो. दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव शामियाने लागतात, दिवसा शंकरपट आणि रात्री नाटक. नाटक मंडळ्यांचं मोठं ठाणं म्हणजे देसाईगंज, आम्ही म्हणतो वडसा. पडदा वर जातो रात्री दहाला आणि माणसं घरी येतात कोंबडा आरवल्यावर. घोंगड्या, चादरी, निजलेली लेकरं, सगळं बरोबर. अशा रात्री खायला काही तरी लागतंच. शामियान्याबाहेर भज्यांची कढई असते, चहा असतो, फुटाणे-मुरमुऱ्यांच्या पुड्या असतात, आणि त्या रात्री तिथं एक हातगाडी होती. पंपाचा स्टोव्ह, जाड बुडाचं गंज, त्यावर पत्र्याचं झाकण. काका दोन्ही हातांत फडकी धरून ते गंज स्टोव्हवर सारखे पुढेमागे सरकवत होते, आत पाऊस पडत होता, आणि नाटकाच्या पहिल्या अंकापेक्षा तिथं गर्दी जास्त होती. वर्तमानपत्राच्या पुडीत पिवळ्या, खारट, गरम लाह्या. थंडीनं गारठलेली बोटं त्या पुडीवरच शेकून निघाली.

मी त्यांना विचारलं, तुमचा एकही दाणा वाया कसा जात नाही? ते म्हणाले, "मॅडम, दाना पोत्यात ठेवत नाही जी. झाकनाच्या डब्यात ठेवतो. हवा लागली का दाना मेला."

ते शाळेत किती शिकले होते मला माहीत नाही. पण आजीचंच वाक्य ते दुसऱ्या बाजूनं सांगत होते.

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत हे ध्यानात ठेवायलाच हवं. चंद्रपूरचा उन्हाळा सगळ्या देशाला ठाऊक आहे. मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर जातो आणि हवेत ओल म्हणून उरत नाही. दोरीवरचं धुणं तासाभरात वाळतं. अशा हवेत पॉपकॉर्नची उघडी पुडी आठ दिवस ओट्यावर राहिली की दाण्यातलं पाणी हळूहळू निघून जातं. दिसायला दाणा तसाच पिवळा, चकचकीत. फोडायला घेतला की निम्मा डबा गणंग. पावसाळ्यात उलटं. चार महिने जंगलातली दमट हवा, आणि दाणा जास्त पाणी पितो. मग तो फुटतो, पण लहान, चिवट, दाताला चिकटणारा. म्हणून पुडी फोडली त्याच दिवशी दाणे काचेच्या बरणीत किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात घाला. फ्रीजमध्ये ठेवू नका, तिथली हवा कोरडी असते.

गणंग हा शब्द नव्या पिढीला कदाचित माहीत नसेल. लाह्या फोडताना जे दाणे न फुटता तळाशी राहतात ते गणंग. माणसांसाठी तो शब्द शिवीसारखा वापरतात, पण माझं मत वेगळं आहे. गणंग आळशी नसतो. त्याच्या सालीला कुठं तरी बारीक चीर गेलेली असते, नाही तर त्याचं पाणी वाळलेलं असतं.

चिरेची गोष्ट मी वर्गात करून दाखवायची. दाण्यांचे तीन ढीग. एक जसाच्या तसा. दुसऱ्यातल्या प्रत्येक दाण्याला सुईनं किंवा टाचणीनं टोचलेलं. तिसरा आठवडाभर चुलीशेजारी ठेवून वाळवलेला. तिन्ही वेगवेगळे फोडायचे आणि मुलांनी मोजायचं. पहिला ढीग गंजाबाहेर यायचा. टोचलेल्या दाण्यांतून सूं करून वाफ निघून जायची आणि बहुतेक दाणे नुसते भाजले जायचे. वाळवलेले दाणे काळे पडायचे. एकदा एका मुलीनं मला विचारलं, "मॅडम, वाळलेल्याले पुन्हा पानी पाजलं तर?" मी फळ्याकडे वळले होते, तशीच थांबले. आजीच्या सुपावरचं पाणी आठवलं. आम्ही वाळलेले दाणे बरणीत घातले, थोडं पाणी टाकलं, झाकण लावून चार दिवस रोज हलवलं. आणि ते फुटले. सगळे नाही, पण पुष्कळ.

घरी करायचं तर प्रमाण असं. अर्धा किलो दाण्यांना एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिलिलिटर पाणी. बरणीत घालून जोरात हलवा, दाण्यांना पाणी सारखं लागलं पाहिजे. दिवसातून दोनदा हलवा. तीन-चार दिवसांनी मूठभर फोडून बघा. अजून गणंग राहत असतील तर अर्धा चमचा पाणी आणखी. घाई करून सगळं पाणी एकदम घालू नका, साल भिजून मऊ पडते आणि दाब धरत नाही.

एकदा शाळेत एक मुलगा घरच्या बाडीतला मका घेऊन आला होता. जंगलातल्या गावांत पावसाळ्यात घरामागच्या बाडीत मका लावतात, कोवळी कणसं भाजून खातात आणि बियाण्याची कणसं चुलीवर धुरात टांगून ठेवतात. त्यानं आपल्या दाण्यांचा पॉपकॉर्न होतो का ते बघायला सांगितलं. झाला नाही. काही दाण्यांना भेगा पडल्या, एक-दोन अर्धवट उमलले, बाकी कडक. त्याचा चेहरा उतरला तो मला अजून दिसतो. मी त्याला समजावलं की मक्याच्या जाती वेगळ्या असतात. पिठाचा मका, गोड मका, जनावरांचा मका आणि लाह्यांचा मका ही भावंडं आहेत, पण लाही व्हायला लागते ती जाड साल आणि आतलं काचेसारखं कडक पिष्ट एकट्या लाह्यांच्याच मक्यात पुरेसं असतं. आपल्या देशात त्यासाठी अंबर पॉपकॉर्नसारखे खास वाण काढले आहेत. त्याच्या घरच्या दाण्यांचा दोष नव्हता. ते भाजून आम्ही सगळ्यांनी खाल्ले आणि धुराचा तो वास पॉपकॉर्नच्या बापाला येणार नाही.

आता स्वयंपाकघरात या.

भांडं जाड बुडाचं घ्या. पाच लिटरचं पातेलं असेल तर अर्धी वाटी दाणे, म्हणजे सुमारे शंभर ग्रॅम, त्याहून जास्त नको. दाण्यांचा एकच थर बुडाशी बसला पाहिजे. तेल दोन ते तीन मोठे चमचे. लोक इथं हात आखडता घेतात आणि मग दाणे करपतात. तेल कशासाठी असतं? आजीच्या खापरात जे काम रेती करायची तेच काम पातेल्यात तेल करतं. गोल दाणा तव्याला एका ठिपक्यावर टेकतो. तेवढाच ठिपका तापतो, जळतो, आणि बाकीचा दाणा गारच राहतो. रेती दाण्याला चहूबाजूंनी वेढते, उष्णता सगळीकडून सारखी देते. तेलही तसंच. तेल म्हणजे पातळ रेती, असं समजा आणि घाला.

कोणतं तेल? शेंगदाण्याचं, सोयाबीनचं, सूर्यफुलाचं, घरात असेल ते चालतं. जवसाचं तेल मात्र नको. आमच्याकडे ते भाजीत छान लागतं, पण लवकर धूर धरतं आणि कडू होतं. सिनेमागृहात पुष्कळदा खोबरेल तेल वापरतात, कारण ते थंड झाल्यावर थिजतं आणि बोटं तेलकट होत नाहीत. आपल्या जंगलात तसं एक तेल आहे. मोहाच्या बियांचं. गडचिरोलीतल्या खेड्यांत ते घाण्यावर काढतात आणि स्वयंपाकात वापरतात. थंडीत ते तुपासारखं गोठतं. मी त्यात लाह्या फोडून बघितल्या आहेत. वास आधी थोडा उग्र वाटतो, पण तापल्यावर बसतो, आणि लाही कोरडी, हलकी राहते. ज्यांना ताजं तेल मिळतं त्यांनी जरूर करून बघावं. बटर घालून फोडायला जाऊ नका. त्यात पाणी असतं, दुधाचा अंशही असतो, तो जळतो. लोणीच आवडत असेल तर त्याचं तूप कढवून घ्या आणि वरून घाला. तुपानं लाही भिजत नाही, बटरनं भिजते.

तेलात तीन दाणे टाका आणि मध्यम आचेवर थांबा. तिन्ही फुटले म्हणजे तेल तयार. आजी चार टाकायची, हिशेब तोच. आता गॅस बंद करा. हो, बंद करा. सगळे दाणे घाला, चिमूटभर हळद घाला, हलवा, आणि मनात तीस मोजा. या अर्ध्या मिनिटात सगळे दाणे एकाच तापमानाला येतात, म्हणून पुढे ते जवळजवळ एकदम फुटतात. पहिले फुटलेले तळाशी पडून करपत नाहीत आणि मागचे मागे राहत नाहीत. मला स्वतःला हे कळायला फार वर्षं लागली, आणि कळल्यापासून माझे गणंग निम्म्यावर आले.

मग पुन्हा गॅस, मध्यम. झाकण ठेवा, पण बोटभर तिरपं. फुटणारा प्रत्येक दाणा आपली वाफ भांड्यात सोडतो. ती कोंडली तर कुरकुरीत लाही वाफेनं मऊ पडते, चामट लागते. घरच्या पॉपकॉर्नची सगळ्यात मोठी तक्रार हीच, आणि तिचं औषध फक्त एवढंच की वाफेला वाट द्या. पातेलं उचलून हलवत राहा म्हणजे न फुटलेले दाणे जड असल्यामुळे खाली सरकतात. आवाजाकडे कान ठेवा. पावसाची सर जशी येते आणि ओसरते तसाच हा आवाज असतो. दोन फटांमध्ये दोन सेकंद जाऊ लागले की गॅस बंद. शेवटच्या चार दाण्यांसाठी सगळं भांडं करपवू नका. लगेच परातीत ओता, पसरून ठेवा. भांड्यातच राहू दिलं तर तळाच्या लाह्या उरलेल्या उष्णतेनं काळ्या होतात.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. पुष्कळ घरांत पॉपकॉर्न प्रेशर कुकरमध्ये करतात. कुकर जाड असतो, ते ठीक. पण झाकण लावून बंद करू नका. आतली वाफ, तापलेलं तेल आणि उडणारे दाणे यांच्यामुळे शिट्टीचं भोक बुजू शकतं. कुकर पातेल्यासारखा वापरा आणि त्यावर साधी ताटली तिरपी ठेवा. आणि चार वर्षांच्या आतल्या लेकराला पॉपकॉर्न देऊ नका. लाही घशात अडकते, गणंग श्वासनलिकेत जातो.

मीठ मिक्सरमध्ये फिरवून पिठासारखं बारीक करून घ्या. जाड मीठ लाहीवर ठरत नाही, सगळं तळाशी जातं. लाह्या गरम असतानाच घाला. आमच्या घरी मिठासोबत कोरडी जवसाची चटणी घालतात. जवस, सुकी लाल मिरची, लसूण, मीठ भाजून कुटलेली. मिरची भिवापूरची मिळाली तर रंग आणि तिखटपणा दोन्ही नेमके. तुमच्या दुकानातल्या चीज-कॅरॅमलच्या पुड्या एकीकडे आणि ही चटणी एकीकडे, मी चटणीच्या बाजूनं आहे. गोड हवं असेल तर गुळाचा पाक दोन बोटांत तार येईपर्यंत आटवा, चमचाभर तूप घाला आणि लाह्या त्यात घोळवा. संक्रांतीला मुरमुऱ्यांचे लाडू जसे बांधता तसेच.

फुटलेल्या लाह्यांकडे जरा बघाही. काहींना चहूकडे पंख फुटलेले असतात, फुलपाखरासारखे. काही गोल, टोपीवाल्या, पावसाळ्यात जंगलात येणाऱ्या सात्यांसारख्या, म्हणजे अळंब्यांसारख्या. पंखवाल्या तोंडात लवकर विरघळतात, मीठ-चटणी त्यांच्या घड्यांत बसते. गोल लाह्या पाकात घोळवायला बऱ्या, त्या मोडत नाहीत.

मक्याची लाही जगात फार जुनी आहे. पेरूच्या समुद्रकाठच्या उत्खननात सुमारे ६,७०० वर्षांपूर्वीच्या मक्याचे अवशेष सापडले, आणि ते लोक तेव्हाही लाह्या फोडून खात होते. शिकागोच्या चार्ल्स क्रेटर्स नावाच्या माणसानं वाफेवर चालणारं पॉपकॉर्नचं यंत्र बनवलं आणि १८९३ च्या तिथल्या जागतिक प्रदर्शनात लोकांसमोर आणलं. आपल्याकडे मकाच आला तो पोर्तुगिजांच्या मागून. पण लाही आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. लग्नात नवरीच्या ओंजळीत तिचा भाऊ लाह्या घालतो आणि ती त्या होमात सोडते, तो लाजाहोम. लाज म्हणजे लाही. आजारातून उठलेल्या माणसाला वैद्य लाह्यांची पेज देत. गोपाळकाल्यात लाह्या. नागपंचमीला लाह्या.

नागपंचमीच्या लाह्या ज्वारीच्या. त्या आमच्या घरात आल्या मायकडून. तिचं माहेर वरोऱ्याकडचं. चंद्रपूर जिल्ह्याचे दोन तुकडे आहेत असं समजा. पूर्वेला ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल हा धानाचा आणि तळ्यांचा मुलूख. पश्चिमेला वरोरा, भद्रावती, राजुरा, तिकडे काळी माती, कापूस आणि ज्वारी. माय सासरी आली तेव्हा सोबत ज्वारीचं बोचकं आणि लाह्यांची ही रीत घेऊन आली. नागपंचमीच्या आदल्या दिवशी ज्वारीवर कढत पाणी ओतायचं, लगेच निथळायचं, सुती फडक्यात घट्ट बांधून रात्रभर ठेवायचं. सकाळी सावलीत पसरून वरचं पाणी सुकवायचं. हाताला ओल लागू नये, पण दाणा आतून जागा असावा. मग लोखंडी कढई खूप तापवायची, त्यात मूठभर ज्वारी, आणि फडक्याच्या बोळ्यानं ती दाबत फिरवायची. बोळा नसला तर लाह्या अंगणभर होतात. तेल नाही, रेती नाही. बोळा दाण्यांना कढईला सारखं टेकवत राहतो, तीच रेती. या लाह्या जात्यावर दळून ताकात कालवून मीठ घालून खायच्या, नाही तर दूध-गुळात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं खास लाह्यांसाठी ज्वारीचा जो वाण काढला त्याचं नाव 'फुले पंचमी' ठेवलं आहे. नागपंचमीवरून. विद्यापीठातल्या ज्या कोणाला हे नाव सुचलं त्याच्या घरी लाह्या फुटत असणार.

धानाला पाणी शिंपडणारी आजी आणि ज्वारीला फडक्यात बांधणारी माय, दोघी एकमेकींची रीत बघून मान हलवायच्या. आणि नाटकाबाहेरचे काका डब्याचं झाकण घट्ट लावायचे. तिघांचंही लक्ष दाण्यातल्या ओलीवर.

आज आमच्या गावातही मुलांच्या हातात तयार पॉपकॉर्नची पाकिटं दिसतात. शंभर ग्रॅम कोरडे दाणे घरी फोडले तर चार माणसांचं पोट भरतं, आणि तेलमीठ धरूनही खर्च पाकिटाच्या मानानं फारच थोडा येतो. पण मला पैशांपेक्षा दुसरी गोष्ट सलते. पाकिटातल्या लाहीला आवाज नसतो. दाणा फुटताना मुलांनी तो ऐकलाच नाही तर आत काय झालं असा प्रश्न त्यांना पडणार कुठून?

तेव्हा या नागपंचमीला घरातल्या पोरांना चुलीजवळ, गॅसजवळ उभं करा, हातभर लांब. ज्वारी आदल्या रात्री फडक्यात बांधायला विसरू नका. आणि फोडण्याआधी प्रत्येकाला एक कच्चा दाणा चावायला द्या.